कॅमेऱ्याला बांधलेली सुलक्षणा

डोव्हरच्या धक्क्यावर पाऊस तिरपा येत होता, आणि लीड्सहून आलेली सुलक्षणा पाच मिनिटांत एका अनोळखी पुरुषाला बांधली गेली होती. साउंडवाला ऐन वेळी आजारी पडला, म्हणून हिला बोलावलेलं. हिच्या खांद्यावरच्या साउंड-मिक्सरमधून निघालेली वायर थेट गिरीशच्या कॅमेऱ्यात शिरत होती. तो चालला की हिनं चालायचं, तो वळला की हिनं वळायचं. सप्तपदीच म्हणा ना, फक्त भटजी नव्हता.

तो गर्रकन वळला तशी ही धडपडली. "अगं आई गं..."

तो थबकला. "मराठी? मग सॉरी... माझा चूक झाला."

गिरीश बर्मिंगहॅमलाच जन्मलेला. त्याच्या मराठीत बायकांचे पुरुष होत आणि पुरुषांच्या बायका. डोळे मात्र शुद्ध बोलायचे.

फिल्म होती सरहद्दीवर ताटकळणाऱ्या तरुण मुलामुलींवर. कोसोव्होच्या युद्धातून पळून आलेला अर्बेन रोज धक्क्यावर उभा राहायचा. मागे राहिलेली त्याची द्रिता आज ना उद्या येईल म्हणून. त्यानं एकच विनवणी केली होती. ती आली तर तिचा चेहरा दाखवू नका, तिचा भाऊ अजून तिकडेच आहे, त्याच्या जिवावर बेतेल. सुलक्षणानं तिथल्या तिथे शब्द दिला. गिरीश गप्प राहिला. लंडनच्या प्रोड्यूसरबाईंना त्या दोघांची भेटच पडद्यावर हवी होती, नाहीतर त्या फिल्म गुंडाळणार होत्या.

ते गप्प राहणं सुलक्षणाला आत कुठेतरी खात होतं. कारण आठवडाभरात सुलक्षणाबाई त्याच्यात पार गुंतल्या होत्या! त्याच्या थर्मासमधला चहा, थंडीत तिच्या खांद्यावर न विचारता टाकलेला मफलर... आणि हाच माणूस एका शॉटसाठी कुणाचा जीव धोक्यात घालणार असेल, तर? मग त्या मफलरची ऊब घेऊन करायचं काय?

शुक्रवारी दुपारी इमिग्रेशनच्या दारातून एक किडकिडीत मुलगी बाहेर आली. अर्बेन धावत सुटला. सुलक्षणानं माइकची काठी पुढे केली. हेडफोनमध्ये हुंदके, हसू, एकमेकांची नावं... भाषा कळत नव्हती, तरी हिचे डोळे घळाघळा वाहू लागले. तेवढ्यात भरल्या डोळ्यांना कॅमेऱ्यावरचा लाल दिवा अंधूक दिसला. चालू ठेवला होता मेल्यानं!

दोघं दूर गेल्यावर तिनं हात पुढे केला. "टेप दे ती, गिरीश. शब्द दिला होता."

"शब्द तू दिला होता," तो हळूच म्हणाला. "मी फक्त... पाळली."

त्यानं टेप मागे फिरवली आणि तिला व्ह्यूफाइंडरला डोळा लावायला सांगितलं. आत द्रिता नव्हती, अर्बेनही नव्हता. माइक धरून रडता रडता हसणारी, ओल्या केसांची सुलक्षणा होती. पहिल्यापासून शेवटपर्यंत तीच.

"आवाज त्यांचा, चेहरा तुझी," तो म्हणाला. "प्रोड्यूसरला आवडेल की नाही, माहीत नाही. मला... फार आवडते तू."

सुलक्षणाच्या छातीवरचा धोंडाच उतरला. ती तिथेच, ओल्या कठड्यावर मटकन बसली.

"मला वाटलं, तुझ्यातून मन काढून घ्यावं लागणार," ती म्हणाली. "फार घाबरले होते रे."

"आणि आता?"

"आता रविवारी लीड्सला ये," ती डोळे पुसत म्हणाली. "आई घरी असते."