खिरापतीचा न उघडलेला डबा

बसा असे जवळ. हा स्टीलचा डबा मधोमध राहू द्या, त्याले हात नका लावू. पहिले ऐका.

परवा कोजागिरी होती. वर्ध्यात माहं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान हाय, सारे अंकुशभाऊ म्हनतात मले. जुनं मशीन कोनी भंगारात टाकतो म्हनलं का माहं डोकं सनकते, म्हनून असले कामं माह्याकडंच येतात. सकाळी निघालो तं माही अपेक्षा, आठ वर्षांची, दारातच आडवी झाली. "बाबा, आज भुलाबाईचा शेवटचा दिवस. खिरापत आनजा! कोनालेच ओळखू नाई आली पायजे." आनतो म्हनलं अन् गाडीले किक मारली.

आपल्याकडची रीत तं तुमाले माहीतच हाय. भुलाबाईचे गाने झाले का झाकन लावलेला डबा वाजवाचा, अन् पोरींनी आतली खिरापत ओळखाची. ओळखल्याशिवाय झाकन उघडत नाई.

वडनेरले देवकाबाईच्या घरी पोचलो तवा दुपारचे दोन झालते. सत्तरीची बाई, एकटी राहते. तिचा नवरा रूपराव मास्तर, त्याले जाऊन सहा वर्षं झाले. मास्तरचं पंचवीस वर्षांआधीचं कॉम्प्युटर, पिवळं पडलेलं, फडक्याखाली झाकून ठेवलं होतं.

"त्यात माह्या मोहिनीचं गानं हाय भाऊ," ती म्हने. "दहा वर्षांची होऊन गेली पोरगी. मास्तरनं तिचा आवाज भरून ठेवलता. माहा एक कान गेला. दुसरा दिवाळीपरेंत जाईन म्हने डॉक्टर. त्याच्या आधी एकदा ऐकव."

डिस्क काढून दुकानात नेतो म्हनलं, तं बाई कबूल होईना. "घरातच चालू कर." मीही मंग हट्टाले पेटलो.

बटन दाबलं. पंखा फिरला, पडदा काळाच, अन् आतून एक लांब शिट्टी. मेमरी असंल. काढली, खोडरबरानं घासली, पुन्हा बसवली. शिट्टी. सेल बदलला, वायरी बदलल्या. शिट्टीच. मशीन आडवं केलं तं आत काहीतरी खळखळलं. स्क्रू सुटला असंल म्हनून उघडून टॉर्च मारला. काहीच नाई. झाकन लावून हलवलं, तं खळखळ. उघडलं, तं काही नाई. असं तीनदा झालं. ऑक्टोबरचं ऊन बाहेर चटके देत होतं, अन् माहे हात गार पडले होते.

"हळू हलव," देवकाबाई म्हने. "हासून राह्यली ना ती."

मी चरकलो. या बाईशी मी आल्यापासून गळा फाडून बोलत नोतो का? अन् मले जे ऐकू येत नोतं, ते तिले येत होतं!

मंग मलेही आलं. स्पीकरची वायर माह्या हातात होती, कशालेच जोडलेली नोती. त्यातून बारीक आवाज आला... "ओळख..."

खोटं काऊन बोलू, वायर फेकूनच देल्ली मी.

"शेंगदाने," म्हातारी बोलली. "दाब भाऊ बटन."

दाबलं. शिट्टी.

"फुटाने..." शिट्टी. "करंजी..." शिट्टी.

"मावशी, चाल्लो मी," म्हनत उठलो. तिनं माहं मनगट धरलं अन् रडाले लागली.

"मले माहीत हाय काय हाय आत. तोंडातून निघत नाई. त्या कोजागिरीले सोयाबीन काढनं होतं, खिरापत कराले सवड नोती. पोरगी मांगं लागली म्हनून रागानं डब्यात चिंचोके भरून देल्ले मी. पोरींनी इतके नावं घेतले, कोनालेच ओळखू आलं नाई. हिनं लाजेनं झाकन उघडलंच नाई. त्याच सांजेले ताप भरला... तिसऱ्या दिवशी गेली."

ती मशीनकडं वळली. "चिंचोके होते वं माय. चुकलं माहं."

मी बटनाले हात लावला नोता. पडदा उजळला अन् गानं सुरू झालं. काय गोड गळा होता! देवकाबाईनं चांगला कान स्पीकरले लावला, डोये मिटले. माहेही डोये भरून आले, भेव कुठच्या कुठं गेलं. गानं संपलं अन् पोरगी म्हने, "आई, आता मी खेळाले जातो."

"जाय माय," म्हातारी हासून बोलली. "दुसऱ्या पोरींसंग खेळ."

मशीन बंद पडलं. मले वाटलं, झालं, गंगेत घोडं न्हालं.

परत येताना गाडी मांगून जड लागत होती. आरशात पाहाची हिंमत झाली नाई. खिरापत मी पार इसरलो. दिवेलागनीले घरी पोचलो तं अपेक्षा पायरीवर बसलेली, मांडीवर हा डबा.

"बाबा, तुमच्या गाडीवरून उतरली ना, ती ताई देऊन गेली. तुमीच ओळखाचं म्हने."

पन उत्तर तं मले माहीत होतं! "चिंचोके!" मी वरडलोच.

अपेक्षानं डबा हलवला, कानाशी धरला, थोडा वेळ ऐकलं.

"नाई म्हंते, बाबा."

त्याच सांजेले तिले ताप भरला. दवाखान्यातले रिपोर्ट सारे चांगले, पन ताप उतरत नाई. झाकन तिघा जनांनी ओढून पाह्यलं, हालत नाई. होते नोते तेवढे नावं घेऊन झाले. आज तिसरा दिवस हाय, अन् बाहेर दिवे लागून राह्यले. म्हनून तुमाले बोलावलं. मी डबा वाजवतो, तुमी नीट ऐका अन् सांगा, काय असंल...

ऐकलं?

थांबा. मी तं अजून उचललाच नाई.