सरकारचा दुसरा नंबर

तो पहिल्यांदा आला तो पिंजरा छातीशी धरून. आत एक लठ्ठ, रागावलेला बोका.

"नाव?" मी विचारलं.

"माझं की ह्याचं?"

"पेशंटचं."

"सरकार."

मला हसू आवरेना. मावशीच्या प्राण्यांच्या दवाखान्यात काउंटर सांभाळताना मी नाना नावं ऐकली होती, पण हे नवीनच! फॉर्मवरचा 'घरातला दुसरा फोन' हा रकाना त्याने कोराच सोडला. "दुसरं कोणी नाही," तो सहज म्हणाला. मला उगाचच बरं वाटलं... आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली.

महिन्याभरात सरकारचा दुखावलेला पंजा बरा झाला. शेवटच्या खेपेला मी बोक्याचं नवं वजन भरलं, एक रकाना चुकून पुसला गेला, आणि सेव्ह दाबताच 'नोंद जतन झाली नाही' ही नेहमीची लाल पट्टी आली. त्याने मान पुढे करून वाचली.

"अपडेट क्वेरी, म्हणजे नोंद बदलायची आज्ञा, अडकतेय. माझं रोजचंच काम आहे हे. बघू का?"

"बघू दे गं त्याला!" मावशीने आतूनच हुकूम सोडला.

खुर्ची ओढून तो शेजारी बसला. बोका बरा, आता कॉम्प्युटरही बरा होणार... मग हा पुन्हा कशाला येतोय इकडे?

"सापडलं," तो म्हणाला. "आकड्याचा रकाना कोरा असला की प्रोग्राम नुसती रिकामी अवतरणचिन्हं पाठवतो. डेटाबेसला तिथे आकडा हवा, म्हणून तो अख्खा बदलच नाकारतो. त्याला सरळ सांगायचं – इथे काही नाही. मग घेतो मुकाट्याने. पण... आजवर तुमच्या नोंदी सेव्ह कशा झाल्या?"

त्याने यादी काढली. दोनशे बारा कुत्र्या-मांजरांच्या घरचा दुसरा फोन एकच होता. माझा.

"काहीतरी भरल्याशिवाय घ्यायचंच नाही ना ते," मी पुटपुटले. "आणि पाठ तेवढा एकच नंबर होता."

तो इतका हसला की सरकारही पिंजऱ्यातून गुरगुरला.

"मावशीला सांगू नका हं!"

"नाही सांगत. काढून टाकतो सगळे." त्याची बोटं भराभर चालली. पडद्यावर उमटलं – दोनशे अकरा नोंदी बदलल्या.

"एक राहिली," मी म्हणाले.

"माहितीये." त्याचे कान लाल झाले होते. "सरकारची. मुद्दाम वगळली... तुम्ही मला आवडता. हरकत असेल तर तीही काढतो. एका ओळीचं काम आहे."

मी कीबोर्ड माझ्याकडे ओढला. सरकारची नोंद उघडली. दुसऱ्या फोनशेजारी 'नाव' हा रकाना अजून कोराच होता. त्यात माझं नाव लिहिलं आणि सेव्ह दाबलं. लाल पट्टी आली नाही.

"झालं का गं दुरुस्त?" मावशीने विचारलं.

"झालं!" माझा आवाज जरा मोठाच निघाला.

"उद्या फोन करू?" तो हळूच म्हणाला. "नंबर लागतो का बघायला."

"उद्या कशाला?" मी म्हणाले. "आत्ताच करा की."