गरम पाठ

घोडा बघायला कधी कळवून जाऊ नये, हा माझा धंद्यातला पहिला नेम. कळवलं की विकणारा सकाळीच त्याला पळवून दमवतो आणि मग कसलंही द्वाड जनावर आपल्यापुढे गरीब गाय होऊन उभं राहतं. म्हणून मी आधी दात बघत नाही की खूर बघत नाही. पाठीवर, खोगिराच्या जागी, तळहात ठेवतो.

न कळवता गेलो, तरी सुताराने विकायला काढलेल्या घोडीची पाठ गरम होती, ओलसरसुद्धा. पोटाशी पट्टा आवळतात तिथले केस चपटे बसले होते.

"सकाळी कोण बसलं होतं हिच्यावर?"

"कुणी नाही हो. वर्ष झालं असेल कुणी बसून. खोगीर माळ्यावर पडलंय."

"मला शिकवताय? हयात गेली माझी यात."

सुताराने कानांवर हात ठेवले. बोलताना तो घोडीकडे बघत नव्हता, तिच्या पाठीच्या जरा वर बघत होता. थापा मारणारी माणसं कुठेही बघतात, म्हणून मी ते मनावर घेतलं नाही.

एरवी मी तिथूनच माघारी फिरलो असतो. पण गरज मला होती. माझी लेक गिऱ्हाइकांना घोडे चालवून दाखवायची. फाटकापाशी घोड्यावरून पडली तेव्हापासून तिने तबेल्यात पाऊल टाकलं नव्हतं. अंगणात खुरांचा आवाज आला की ती खिडकीतून उठून आत जायची. मला ते बघवत नव्हतं. तिला पुन्हा घोड्यावर बसवील असं शांत जनावर मी शोधत होतो, आणि ही घोडी दमवलेली असली तरी शांत होती. मी घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याच तबेल्यात तिची पाठ गरम लागली. माझा पारा चढला. घरात जाऊन विचारलं, तर बायको म्हणाली, "मीच बसले होते, भाकऱ्या टाकून. झालं समाधान?"

मी खोगीर खोलीत ठेवून कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. दुपारी पाठ परत गरम.

मग मी पोतं टाकून तिच्यासमोरच बसलो. चांगलं लख्ख ऊन आत आलं होतं. घोडी गवत खात होती. मधेच थांबली. कान मागे वळले. पाठ किंचित खचली आणि चारही पाय जरा फाकले, कुणी वर चढलं की घोडं सावरून उभं राहतं तसे. मग ती पुन्हा खायला लागली.

मी उठलो, पण तळहात पाठीपर्यंत नेववेना.

घोडी परत करायची, हे तिथेच ठरवलं. दावं सोडत होतो, तेवढ्यात दारात लेक दिसली. स्वतःहून आली होती.

"बाबा, गरीब आहे हो ही. बसून बघू?"

हे शब्द ऐकायला माझे कान आसुसले होते. नको म्हटलं तर ती पुन्हा कधी विचारणार? मी कुलूप काढलं, खोगीर चढवलं आणि तिला वर बसवलं. तिने डोळे घट्ट मिटून घेतले होते. मी दोर धरून पुढे चालू लागलो. मागे बघायचा धीर नव्हता.

विहिरीपाशी पोचलो.

"बाबा," मग ती म्हणाली, "दोर आईकडे दिलात ना? तुम्ही मागे बसलात ते बरं झालं."

तिच्या आवाजातली भीती गेली होती.

मी वळून बघितलं. तिचे डोळे अजून मिटलेलेच होते, आणि ती हसत होती.

"अजून जरा घट्ट धरा."

ओ दिली असती तर माझा आवाज पुढून आला असता. तिच्या कुडत्याला कमरेपाशी, दोन्ही बाजूंनी, हळूहळू चुण्या पडत गेल्या.