आठवी 'ब'ची नजरछाया

शाळेच्या तक्रारपेटीत सापडलेली चिठ्ठी आवटी सरांनी डॉ. केतकी मगदूमच्या प्रयोगशाळेतल्या टेबलावर ठेवली आणि स्वतः मात्र ते उभेच राहिले. तीस वर्षं मास्तरकी केलेला हा मुख्याध्यापक. असल्या चिठ्ठ्या त्यांनी ढिगाने वाचल्या असतील. पण हिने त्यांची पाचावर धारण बसली होती.

'आठवी ब. सोमवारपासून मी नसेन. कुणाला कळणारही नाही.'

खाली नाव नव्हतं. अक्षर मुद्दाम डाव्या हाताने काढलेलं.

"आज शुक्रवार, मॅडम. शाळा सुटलीय. बेचाळीस पोरं घरी गेलीत," आवटी सर म्हणाले. "त्यांतलं कुठलं, हे तुमच्या यंत्राला सांगता येत नसेल तर ते पाच महिने माझ्या भिंतीवर कशाला टांगलंय?"

केतकीला राग आला नाही. प्रश्न रास्तच होता. एकटं पडलेलं मूल वेळेवर ओळखता यावं, एवढ्यासाठीच तिने दृष्टिमापक बनवला होता. सांगलीच्या या शाळेतली आठवी 'ब' हा त्याचा पहिलाच वर्ग. तिने पडद्यावर आजचं चित्र लावलं. वर्गाचा फोटोच तो, पण काळापांढरा. काही चेहरे चुन्यासारखे पांढरे, काही राखाडी, काही जेमतेम दिसणारे.

"ही नजरछाया," केतकी म्हणाली. "फळ्यावरचं भिंग प्रत्येक मुलाची बुबुळं टिपतं आणि त्याची नजर कुठे, कुणावर पडली ते मोजतं. ज्याच्याकडे दिवसभर जास्त बघितलं गेलं, तो पांढरा. ज्याच्याकडे कुणी बघितलंच नाही, तो काळा."

"आणि रंग?"

"आपण एकच गोष्ट मोजतो, सर. रंग भरले तर तो खोटेपणा होईल."

बोलताबोलता तिची नजर तिसऱ्या बाकावर जाऊन आली. चिन्मयी तिथे होती, तिची मुलगी. स्वच्छ, पांढरी. केतकीने सुटकेचा श्वास सोडला आणि लगेच तिला त्याची लाज वाटली. चिन्मयीला फोन करून 'कुणाची चिठ्ठी, काही माहीत आहे का' असं विचारणं सोपं होतं. पण पोटच्या पोरीला वर्गातल्यांची चहाडी करायला लावणं तिला प्रशस्त वाटेना.

सगळ्यांत काळा चेहरा गार्गी सुतारचा होता. पाच महिन्यांच्या नजरछाया केतकीचा सहकारी फैयाज मुल्ला याने एकावर एक ठेवल्या, तरी गार्गीच्या जागी कोळसाच. आवटी सरांनी स्कूटर काढली आणि केतकी मागे बसली. दोघं गार्गीच्या घरी पोचली.

गार्गी घरासमोर पाच चुलतभावंडांना लगोरीचे नियम शिकवत होती आणि नियम मोडणाऱ्यांना बडवतही होती.

"वर्गात कुणाशी बोलत नाहीस होय गं?" सरांनी विचारलं.

"काय बोलायचं, सर? तिथं सगळी क्रिकेटचंच बोलत्यात," गार्गी म्हणाली. "मी बसते आपली माझं माझं चित्र काढत. का? कुणी तक्रार केली का काय?"

ही पोरगी काळी होती, पण एकटी नव्हती. आवटी सर बाकीच्यांच्या घरी फोन लावायला शाळेत गेले. केतकी प्रयोगशाळेत परतली. पाच महिने तिने जे मोजलं ते चुकीचं होतं, आणि कुठलंसं मूल त्याची किंमत मोजणार होतं.

"आपण उलटं बघतोय," फैयाज म्हणाला. "कोणाकडे बघितलं जातं, हे मोजून काय होणार? एकटा माणूस आधी दुसऱ्याकडे बघतो. त्याला उत्तर मिळत नाही. मग तो बघायचं सोडून देतो. कोण बघत नाही ते शोधू या."

गणित उलटं करायला वीस मिनिटं लागली. नवं चित्र उमटू लागलं. गार्गी यात राखाडी होती. खिडकीतून का होईना, ती जगाकडे बघत होती. बाकीची मुलंही दिसू लागली. फक्त तिसऱ्या बाकावर एक भोक पडल्यासारखं काळं उरलं.

केतकी ते बघत राहिली. काखेत कळसा म्हणतात तो असा.

"चूक असेल," ती म्हणाली. "तिचे डोळे उघडे होते ना? मग कुठेतरी बघत असेलच की ती!"

फैयाजने टाकाऊ नोंदींचं दालन उघडलं. पहिल्याच आठवड्यात दोघांनी मिळून एक निर्णय घेतला होता. वर्षावर्षाला वर्गाचा फोटो काढून घेणारी पोरं ती. भिंग दिसलं की केस सारखे करत, दात दाखवत. म्हणून भिंगाकडे टाकलेली प्रत्येक नजर कचरा समजून वगळायची, असं ठरलं. त्या आदेशावर सही केतकीची होती.

कचऱ्यात पहिल्या आठवड्यानंतर जवळजवळ एकाच मुलीच्या नजरा होत्या. रोज तीन-तीन तास. चिन्मयी थेट भिंगात बघत होती. पलीकडे आई बसते, हे तिला ठाऊक होतं.

"पण तिच्याकडे तर सगळे बघतात. ती पांढरी आहे, फैयाज!"

"कधी बघतात ते बघा," तो हळूच म्हणाला. "चिठ्ठी फिरवायच्या आधी. कॉपी करायच्या आधी. हवालदार कुठं उभा आहे ते चोर बघतो ना, तसं. तुमची मुलगी आहे ती, मॅडम. तिच्यासमोर कोण तोंड उघडणार?"

केतकी घरी कशी पोचली ते तिला आठवलं नाही. दार उघडंच होतं. चिन्मयी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून दूध पीत होती. ती जिवंत होती, ओठांवर साय होती. केतकी खाली फरशीवर बसली.

"चिठ्ठी तू टाकलीस?"

चिन्मयीने होकारार्थी मान हलवली.

"मला सांगायचंस ना, बाळा!"

"सांगत होते की. रोज."

केतकीला रडू फुटलं. "उद्या सकाळी ते भिंग उतरवते. माझ्या हाताने."

चिन्मयीच्या हातातला पेला हिंदकळला. "नको! उतरवलंस तर सगळे म्हणतील, हिने आईला सांगितलं. मग तर कुणीच..."

"मग शाळा बदलू. दुसऱ्या शाळेत तुला कुणी ओळखत नसेल."

"आवटी सर प्रार्थनेला म्हणाले, जूनपासून जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांत बसणार आहे तो. मगदूम दृष्टिमापक म्हणून." तिने पेला ओट्यावर ठेवला. "माझं आडनाव काय सांगू मी तिथं?"

ते खरं होतं. मंजुरी गेल्याच महिन्यात आली होती. यंत्राला आपलं नाव द्यावं, हा आग्रह केतकीचा होता.

"मग मी कुठं जाऊ, आई?"

केतकीने तिला ओढून छातीशी धरलं आणि घट्ट धरून ठेवलं. मग तिने लेकीचा चेहरा आपल्याकडे वळवला, तशी चिन्मयीने डोळे गच्च मिटून घेतले.