सोज्वळ भुतं

चॅरिटी शॉपमधल्या पांढऱ्या चादरीचं एक टोक वरदाच्या हातात होतं आणि दुसरं... दुसरं एका लांब बोटांच्या हातात होतं, आणि तो हात काही केल्या सुटत नव्हता.

"सॉरी, मी आधी पाहिली," वरदा इंग्रजीत म्हणाली. गोड, पण ठाम.

"मी आधी उचलली," तोही तितकाच गोड.

बाहेर इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलची नेहमीची भुरभुर चालू होती. त्याचे केस ओले होते, चष्म्यावर वाफ धरली होती. चष्मा पुसायचा तर चादर सोडावी लागली असती, म्हणून तो तसाच, काही न दिसता, हसत उभा होता. मग मान वाकडी करून, चष्म्याच्या वरून बघत त्यानं तिच्या खांद्यावरच्या कापडी पिशवीवरचं नागपूरच्या साडीच्या दुकानाचं नाव वाचलं.

"नो वे! माझ्या आईकडे पण अशा पिशव्या आहेत. एक कपाट भरून!"

त्याचं नाव क्षितिज. जन्म रेडिंगचा, मराठी आईच्या रागवण्यातून शिकलेलं. त्याला चादर हवी होती खोली रंगवताना सोफ्यावर टाकायला, आणि वरदाला भुतं करायला.

"किती भूत होतील यात?" त्यानं विचारलं.

"सहा. नीट बेतलं तर सात."

"सातवा मी होतो. फुकट. मग चादर तुझी."

माणूस फुकट मिळतोय म्हटल्यावर नीट पारखून घ्यावा, हे वरदाला एरवी कुणी शिकवायला नको. पण हसताना त्याच्या गालाला एकाच बाजूला खळी पडत होती, आणि... जाऊ दे.

भुतांची जबाबदारी तिच्या गळ्यात पडली ती तिच्याच जिभेमुळे. बिल्डिंगच्या मीटिंगमध्ये ती म्हणाली होती, की गेल्या वर्षीच्या हॅलोविनचं प्लास्टिक म्हणजे निव्वळ उधळपट्टी, घरच्या घरी यापेक्षा भारी होईल. खजिनदार रेखाकाकूंनी तिथल्या तिथे वीस पौंडांची नोट तिच्या हातावर ठेवली. "कर मग," म्हणाल्या.

झालं. आठवडाभर ती वापरलेल्या टी-बॅगा साठवत होती, कारण चहाच्या पाण्यात बुडवलेलं बँडेज हजारो वर्षं जुन्या ममीसारखं दिसतं. अंड्यांच्या खोक्यांची वटवाघळं झाली, कचऱ्याच्या काळ्या पिशव्यांची कोळ्याची जाळी झाली, जॅमच्या बरण्यांचे दिवे झाले.

आणि क्षितिज? क्षितिज रोज संध्याकाळी उशिरा यायचा, एक वटवाघूळ अर्धं कापायचा आणि मुलांसाठी आणलेल्या गोळ्यांतली एक तोंडात टाकायचा.

"ती चौथी आहे," वरदा म्हणायची.

"टेस्टिंग करतो. आयटीमध्ये आहे ना मी."

"क्रेनचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यानं गोळ्या टेस्ट करायची गरज नाही."

"तू लक्षात ठेवलंस मी काय करतो ते?" आणि ती खळी!

वरदानं कात्री इतक्या जोरात चालवली की भुताचा हातच तुटला. काय वैताग आहे हा! आला तर काम होत नाही, आणि नाही आला तर तिचं लक्ष जिन्याकडे. त्याच्या बोटांना चहाचा वास यायला लागला होता, आणि तो वास तो गेल्यावरही तिच्या खोलीत रेंगाळायचा. एवढी मदत हा माणूस का करतोय, ते तोंडानं सांगेल का एकदा? ती आपणहून विचारणार नव्हती. शब्दसुद्धा परताव्याची खात्री असेल तरच खर्च करायचे, असा तिचा बाणा.

शनिवारी दुपारी बिल्डिंगचा हॉल सजला, आणि खरी पंचाईत कळली.

वरदानं सगळं बालपण कॉलनीच्या गणपतीचं मखर करण्यात घालवलं होतं. हाताला वळणच ते! वटवाघळं दारावर तोरणासारखी ओळीनं लागली होती. जाळी ठिपके मोजून काढलेल्या रांगोळीसारखी झाली होती. सहा भुतं डावी-उजवीकडे तीन-तीन, मधोमध भोपळा, त्याच्यापुढे अर्धवर्तुळात दिवे. भोपळा अगदी प्रसन्न दिसत होता.

रेखाकाकू आत आल्या आणि त्यांनी सवयीनं दारातच चपला काढल्या. त्यांचा हात कपाळापर्यंत जाऊन थबकला.

"अगं बाई! मी नमस्कारच करत होते."

क्षितिज हसून हसून खाली बसला. "एक तरी वाकडं लाव ना, वरदा. प्लीज."

"मला जमत नाही वाकडं!"

"बरं, मी शिडी घेऊन येतो." तो बाहेर गेला.

"गुणी आहे हो," काकू म्हणाल्या. "मला सांगत होता, परवा साउथहॅम्प्टनला चालला नोकरीला, भाड्याचं घर रंगवून परतसुद्धा दिलं, आणि तरी इथे राबतोय. तुला बोलला असेलच."

वरदाच्या हातातली दोऱ्याची गुंडी घरंगळत गेली. रंगवायची खोली... सोफ्यावरची चादर. पहिल्याच दिवशी समोर होतं सगळं, आणि जमाखर्चात पक्की म्हणवणाऱ्या तिला बेरीज करता आली नव्हती!

मग तिला जो संताप आला, तो थेट तोरणावर निघाला. तिनं तोरण ओरबाडलं, वटवाघळं उलटीपालटी लोंबली. रांगोळीसारखी जाळी टराटरा फाटून चिंध्या झाल्या. दोन भुतं एका खिळ्याला लटकली, एकाची मान मोडली. भोपळा तिनं भिंतीकडे तोंड करून ठेवला, आणि निम्मे दिवे विझवले.

दार उघडलं. पोरांचा पहिला घोळका आत आला, आणि हॉल दणाणून जाईल अशी किंकाळी फुटली. मग दुसरी. मग आनंदाचा एकच कल्लोळ.

शिडी घेऊन क्षितिज दारात उभा. "वरदा! हे तर टेरिफिक आहे! कसं केलंस?"

"तुझ्यामुळे," ती म्हणाली. "परवा जातोयस."

त्यानं शिडी हळूच भिंतीला टेकवली. "काकू?"

"काकूंकडून कळावं मला? तू का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर... तू म्हणाली असतीस, जाणाऱ्या माणसावर वेळ कशाला घालवू."

हे शंभर टक्के खरं होतं, म्हणून तर जास्त चीड आली.

"हो, म्हणाले असते! आणि मग रोज जिन्याकडे कान लावून बसले असते. आत्ताही तेच करते मी. आवडतोस तू मला, मूर्खा. झालं समाधान?"

बोलून गेल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं. एवढे शब्द, आणि समोरून काय मिळेल याचा काही विचार न करता...

क्षितिजच्या ओठांवरचं हसू गेलं होतं. त्यानं तिच्या केसांत अडकलेली काळी चिंधी काढली आणि हात तिथेच, कानाजवळ, राहू दिला.

"मी चादर सोडली ना तेव्हाच ठरवलं होतं," तो हळूच म्हणाला. "की तू आवडतेस. पण जॉबला आधीच हो म्हटलं होतं. सांगायला भीती वाटली. दर शनिवारी येऊ का?"

"शनिवारी?" वरदा पुन्हा वैतागली. "अर्धा वीकेंड वाया! शुक्रवारी ऑफिसातून सुटलास की तसाच निघ. आणि उशीर करायचा नाही."

"आणि झाला तर?"

"तर मी ट्रेन पकडून तिकडे येईन."

"मग," तो तिच्याकडे वाकत म्हणाला, "पहिल्या शुक्रवारी होणार उशीर."