कमी वेढ्यांची गिटार

जळकोटात हायवेला लागून माझं मोटार भरायचं, म्हणजे जळालेल्या मोटारींना तांब्याच्या तारेचे नवे वेढे घालायचं, दुकान होतं. शहाऐंशीचा पावसाळा कोरडा गेला तेव्हा सुरुवातीला मला उसंत मिळेना. विहिरी तळाला गेल्या होत्या, मोटारी पाण्याविना फिरून जळत होत्या. सहकारी उपसा सिंचन संस्थेच्याच सात मोटारी एका महिन्यात आल्या. मग विहिरी पुरत्याच आटल्या आणि मोटारी येणंही थांबलं. सत्त्याऐंशीच्या मार्चात मी दिवसभर रिकामा बसून रस्त्यावरचे टँकर पाहत असे.

अशाच एका दुपारी व्यंकट गिटार, अ‍ॅम्प्लिफायर, कर्णा आणि बॅटरी घेऊन आला. भीमनगरातल्या गायन पार्टीत तो वाजवायचा, त्याची बायको बनाबाई गायची. विजेवरची ती गिटार त्यानं सोलापुरातल्या एका मोडलेल्या ऑर्केस्ट्राकडून आणली होती.

"अप्पा, हिचा आवाज लई दबकाय. ढोलकी सुरू झाली की ऐकूच येत न्हाय. जयंतीला तीन गावच्या सुपाऱ्या हायेत. जरा धारदार करून द्या."

"म्या गिटारीला कधी हात लावला न्हाय, व्यंकट."

"मोटारी भरता न्हवं? हितं बी कॉइलच हाय."

खोलून पाहिलं तर खरंच होतं. तारांच्या खाली सहा लहान लोहचुंबकं आणि त्यांच्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची तार हलली की कॉइलमध्ये वीज उठते, अ‍ॅम्प्लिफायर ती मोठी करतो. वेढे जास्त असले की आवाज जाड होतो, कमी केले की पातळ आणि टोकदार. मी हजारभर वेढे उतरवले. आवाज दाबून टाकणारा कंडेन्सर काढून लहान घातला, कंट्रोल बदलला, सगळे जोड नव्यानं डाख दिले.

व्यंकटनं तार छेडली. फळीवरचे पत्र्याचे डबे झणझणले.

"ह्येच पायजे हुतं!" म्हणत त्यानं तारांवर तळहात ठेवला. तारा गप झाल्या.

कर्ण्यातून आवाज येतच राहिला. बारीक आणि सलग. पाइपातून हौदात पाणी पडत असावं, तसा.

मला वाटलं, अर्थिंग ढिलं असेल. विजेची घरघर कुठून कुठं शिरते हे मोटारवाल्याला सांगावं लागत नाही. गिटारीच्या पोकळीला मी आतून तांब्याचा पत्रा लावला, तो अर्थ केला. वायरींवर जाळी चढवली. घरघर साफ गेली, आणि पाण्याचा आवाज स्पष्ट झाला. लाईन बंद करून पार्टीच्या बॅटरीवर अ‍ॅम्प्लिफायर लावला. तरी तोच.

दारात शेजारची धुरपदाबाई हंडा घेऊन उभी होती.

"अप्पा, पाणी कुठं सुटलंय?"

"पाणी न्हाय, मावशी. ह्यो कर्ण्याचा आवाज हाय."

घटकाभरात दारात आठ-दहा बाया जमल्या. सगळ्यांना मी तेच सांगितलं. धुरपदाबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि हंडा कर्ण्याच्या तोंडाखाली धरून उभी राहिली. मला ते बघवेना. मी बटण बंद केलं.

"बंद का केलंस?" ती रागानं म्हणाली.

गिटार फिरवली की आवाज कमी-जास्त होतो, हे व्यंकटच्या ध्यानात आलं. सगळ्यात मोठा आवाज गावातल्या बागायतदार शिवप्पाच्या शेताकडं तोंड केल्यावर यायचा. दुसऱ्या दिवशी शिवप्पानंच बैलगाडी पाठवली. त्याची विहीर आठ पुरुष खोल, दगडी पायऱ्यांची, पावसाळ्यानंतर पार कोरडी पडलेली. काठावर बॅटरी मांडली तेव्हा कर्णा असा घुमला की एकमेकांशी मोठ्यानं बोलावं लागलं.

शिवप्पानं आठ माणसं लावून चार दिवस तळ खणला. मुरूम लागला, मग काळा खडक. ओल म्हणून नव्हती.

"अप्पा, अजून थोडे वेढे काढा," व्यंकट म्हणाला. "अजून साफ यील."

मी नको म्हणायला हवं होतं. पण त्या आवाजाची मलाही सवय लागली होती. तो बंद असला की घसा कोरडा पडायचा. मी आणखी पाचशे वेढे काढले.

आता पाण्याच्या आवाजात भांडी ऐकू यायला लागली. बांगड्या. बायकांचं बोलणं. काठावर निम्मं गाव जमलं होतं, कुणी हलत नव्हतं. मग एका बाईचा आवाज अगदी स्वच्छ आला.

"बनाबाई, ये गं. फुडं ये. आधी तू भर."

बनाबाई आमच्या मागंच उभी होती. बायांनी तिच्याकडं पाहिलं आणि माना फिरवल्या. टँकरपाशी भीमनगरच्या बायकांचा हंडा शेवटी लागायचा. तसा कुणी नियम केला नव्हता, पण लागायचा शेवटीच, आणि पुष्कळदा तोवर टँकर रिकामा झालेला असायचा.

"कोण बोललं?" बनाबाईनं विचारलं.

"मी न्हाय, बाई," धुरपदाबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी खणणारी माणसं भाकरी खायला चिंचेखाली गेली होती. काठावर मी आणि व्यंकट दोघंच होतो. बनाबाई डोक्यावर चुंबळ आणि हंडा घेऊन आली आणि सरळ पायऱ्या उतरायला लागली.

"काय करतीस गं?" व्यंकटनं विचारलं.

"बोलावलंय तर जाऊन येते."

ती थट्टा करते आहे असं वाटून तो हसला. मीही हसलो. मी वायर नीट करायला वाकलो.

कर्ण्यातून बांगड्या वाजल्या. हंडा पाण्यात बुडाला. भरत जाणाऱ्या भांड्याचा आवाज बारीक होत जातो, तसा झाला. मग बनाबाई हसली. तिचं हसू मी ओळखत होतो.

मी आत डोकावलो.

काळा खडक. दोन पहारी. एक पाटी.

कुणी नव्हतं.

"बने!" व्यंकट विहिरीत ओरडला.

"आले, आले," कर्णा म्हणाला.

आणि पाणी थांबलं. एकदम. राहिली ती नुसती सूं सूं.

पोलीस आले, पंचनामा झाला. तळातला सगळा मुरूम वर काढला. हंडासुद्धा सापडला नाही.

जयंतीला त्या वर्षी भीमनगरात गाणी झाली नाहीत. व्यंकट रोज दुकानात येऊन बसायचा. "अजून थोडे काढा, अप्पा." मी शंभर वेढे काढायचो, तो कर्ण्याला कान लावायचा. काही यायचं नाही. "अजून थोडे." मला नाही म्हणता येईना. त्याच्याशी बोलण्यासारखं माझ्याकडं दुसरं काही नव्हतं.

एके दिवशी तारेचं शेवटचं टोक माझ्या हातात आलं. उघडी चुंबकं मी त्याला दाखवली. म्हटलं, "व्यंकट, संपलं. आता हिच्यातून कायच येनार न्हाय."

त्यानं चुंबकांवरून बोट फिरवलं.

"आता एकदम साफ असंल," तो म्हणाला. "लावा."

मी लावली. दुकान बंद करेपर्यंत तो मुक्या कर्ण्यासमोर बसून होता. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं तो गेला. कुठं गेला, कुणालाच सांगता येत नाही.

अठ्ठ्याऐंशीत पाऊस झाला, मनासारखा. श्रावणात शिवप्पाची विहीर वरच्या पायऱ्यांपर्यंत आली. मोटार बसवायला त्यानं मला बोलावलं. पाणी किती खोल आहे हे बघायला मी दोराला बादली बांधून सोडली.

दोर सैल पडला. बादली कलंडली, बुडाली. पाण्यावर वलयं उठली, भिंतींना लागून परत आली.

मी कान खाजवला. मग काठावरचा डोक्याएवढा धोंडा उचलून आत टाकला. पाणी हातभर उसळलं आणि खाली पडलं.

चिंचेवर होले घुमत होते. दगडावर दोर घासल्याचं ऐकू येत होतं. शेजारी शिवप्पाचा श्वास ऐकू येत होता.

"वर घे," तो हळू म्हणाला.

मी बादली वर ओढली. ती काठोकाठ भरली होती. पाणी तिच्यातून माझ्या पायांशी दगडावर धो धो सांडत होतं, आणि त्याचा काहीच आवाज होत नव्हता.