सात नंबरची नळी

जऊळक्याच्या अलीकडच्या फाट्यावर जीप सोडली की जगदेवचं घर पायी दहा मिनिटांवर. तेवढ्यात साधना मनातल्या मनात माणसांची यादी लावून टाकायची. कोण मुकाट्यानं हात पुढं करणार, कोण सुई पाहून शेतात पळणार, कोणती सून वय चोरणार. आठ वर्षं अकोल्याच्या दवाखान्यासाठी ती गावोगाव रक्त गोळा करत होती आणि तिचा अंदाज क्वचितच चुकायचा.

जगदेवच्या अन्ननलिकेच्या भिंतीत वीतभर गाठ निघाली होती. कॅन्सर नव्हे, स्नायूच वेडावाकडा वाढलेला. लाखात एखाद्याला व्हावी अशी. सर्जननी अख्खी अन्ननलिका काढली, जठराचीच नळी करून छातीतून वर ओढली आणि गळ्याशी जोडली. "मॅडम, भूक लागली का आता छातीतच गुरगुरते," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा आणि स्वतःच हसायचा. त्याचा बाप फुलचंद नऊ वर्षांपूर्वी ऑपरेशनविनाच गेला. भाकर उतरेना, म्हणून शेवटचं वर्ष त्यानं नुसत्या कढीवर काढलं.

बापलेक दोघांना तेच म्हटल्यावर दवाखान्यातल्या डॉ. चेतनांनी सगळ्या घराण्याच्या जनुकांचा अभ्यास काढला. घराला मात्र एकच उत्तर हवं होतं: जगदेवची मुलगी वैभवी यातून सुटली का? कारंज्याच्या पाहुण्यांनी सोयरीक पक्की केली होती, पण तारीख रिपोर्ट आल्यावर धरू म्हणाले होते. भली माणसं. भलेपणालाही कागद लागतो, एवढंच.

सगळे एका जागी सापडावेत म्हणून साधनानं फुलचंदच्या तिथीचा दिवस निवडला. रिसोडचे भाऊबंदही आले होते. दोन बाळू, दोन बेबी, आणि हाकेच्या नावाचा आधार कार्डाशी काही मेळ नाही. तिनं आपली जुनी रीत काढली. पंगतीत ताटाखाली नंबर, तोच नंबर रक्ताच्या नळीवर. अकरा ताटं, अकरा नळ्या. वाढायच्या आधी ती पंगतीमागून एकेकाचं रक्त घेत निघाली.

सातव्या पाटावर कोणीच नव्हतं. जगदेवच्या आईनं, कस्तुराबाईनं, ते ताट नवऱ्यासाठी मांडलं होतं. त्यात फक्त कढीची वाटी. मेलेल्या माणसालाही आपण नंबर दिला म्हणून साधनाला हसू आलं. सहावरून ती आठवर गेली.

निघताना सातव्या पाटाशी तिला रक्ताचा ठिपका असलेला कापसाचा बोळा सापडला. कोणाचा तरी पडला असेल. वाटी रिकामी होती. मांजर असेल.

तीन आठवड्यांनी डॉ. चेतनांचा फोन आला. वैभवीत दोष नव्हता. साधनानं मोठा श्वास सोडला.

"पण हा सात नंबर कोण?" डॉक्टरांनी विचारलं.

ती नळी रिकामी असेल, साधना म्हणाली.

"भरलेली होती. दोष आहे तिच्यात. आणि जनुकं सांगतात, हा जगदेवचा बाप आहे. त्यांनाही तपासायला बोलवा."

साधनानं नळ्यांची अदलाबदल, एकाचं दोनदा घेतलेलं रक्त, सगळं धुंडाळलं. काहीच जुळेना. बाप हयात नाही हे कळल्यावर डॉक्टरांनी सगळे आकडे पुन्हा पडताळले. मग म्हणाल्या, एक नळी जास्त निघाली तर एकीवरही भरवसा नाही. सगळ्यांचं परत घ्या. तोवर त्या मुलीला रिपोर्ट नाही.

दिवाळीनंतर, रिसोडचे भाऊबंदही परत जमल्यावर, साधना पुन्हा गेली. कस्तुराबाई ताटं मांडत होती. साधनानं मोजली. अकरा.

आज ज्याला हात आहे त्याचंच ताट, असं तिनं गोड बोलून सांगितलं.

"मांडू दे बाई," कस्तुराबाई हळूच म्हणाली. "त्यायनंच तं घेतलं."

"काय घेतलं?"

"पोरीचं दुखणं. मीच म्हटलं होतं त्यायले, तुमचं तुमच्यापाशी ठेवा, लेकराले देऊ नका. जगदेवच्या वक्ती सांगाचं सुचलं नाही मले."

साधनाला म्हातारीची दया आली. दया आली की ती जरा जास्तच कामसू व्हायची. सातवं ताट तिनं स्वतः उचललं आणि वाटीसकट स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं.  म्हातारीनं आपला हात तेवढा पुढं केला.

दहा ताटं. दहा नळ्या. अकरावी तिनं आणलीच नव्हती. तीनदा मोजून तिनं बर्फाचा डबा बंद केला.

पंगत जेवू लागली. जगदेव छातीवर हात ठेवून काहीतरी गमतीचं सांगत होता. सगळे हसत होते.

वैभवीनं भाकरीचा तुकडा मोडला. तोंडात घातला.

थांबली.

पाण्याचा घोट घेतला. पुन्हा एक घेतला.

"आजी, भाकर नको," ती म्हणाली. "नुसती कढी दे."

कस्तुराबाई आधीच उठली होती. तिनं स्वयंपाकघरातून तीच वाटी आणली आणि नातीपुढं ठेवली.